भट्टीनं काय खाल्लं

१२ जानेवारी २०२५

भट्टी माझ्या सासूनं सुरू केली, जन्मभर चिखल मी तुडवला, अन् आज भट्टीचा करार झाला तर मला आत चहा मांडायला बसवलं. चहा पण बिनसाखरेचा, काऊन की ठेकेदाराला शुगर आहे. बाहेर सतरंजीवर सगळे कागद उलटून राहिले अन् बुढी आत पातेल्याकडे पाहत बसली. कोणी एका शब्दानं विचारलं नाही की बाई, तुमचं काय म्हणणं.

असो. राम राम. ही डायरी सिमेंटच्या दुकानातून फुकट आलेली, दर पानावर पोत्याचं चित्र. चेतना म्हणाली, आजी, दिवसभर बडबडतेस त्यातलं थोडं यात लिहीत जा, बाबाला तेवढाच आराम. चेतना म्हणजे माझ्या घनश्यामची पोरगी. इंजिनिअर आहे. गोंदियात एका ऑफिसात बसते, तिथे सरकारी इमारतींचे नकाशे अन् करार बनतात. मी दुसरीतून शाळा सोडली, तेव्हा एक ओळ लिहायला मला भाजी शिजेपर्यंतचा वेळ लागतो. लागू दे.

करार असा. दरेकशाला मुलींचं वसतिगृह बांधायचं आहे. त्याच्या करारात विटा, लोखंड, सिमेंट तर आहेच, वरून धूर पण आहे. इमारत बांधताना किती धूर होईल तो आधीच मोजून लिहायचा, त्याच्यावर गेला की ठेकेदाराला दंड. मी चेतनाला विचारलं, धूर कसा मोजता, बोरीत भरून काट्यावर ठेवता का? ती म्हणे, धूर नाही मोजत आजी, काय जाळलं ते मोजतो, त्यावरून धूर कळतो.

भाजलेली वीट त्यांना चालणारच नव्हती. राखेच्या विटा आणणार होते, कारखान्यातून. चेतना ऑफिसात भांडली, तेव्हा एका भट्टीला जागा मिळाली. आपल्या. अट एकच, भट्टीत धानाचा भुसा जाळायचा, दुसरं काहीच नाही. म्हणे भुशाचा जो धूर होतो तो पुढच्या साली उभं राहणारं धान परत पिऊन घेतं, म्हणून तो धूर हिशोबात कमी धरतात. मी म्हटलं, इतकी वर्षं धान लावलं, धानानं मला कधी सांगितलं नाही.

हसली. पण सही करताना हसली नाही. तिच्या साहेबानं म्हटलं होतं, बापाची भट्टी आहे तर हमी तूच दे. तिनं दिली. ही वीट पास झाली तर बाकी सरकारी कामंही आपल्याला मिळतील. नाही झाली तर घनश्याम म्हणतो, पुढच्या हंगामात भट्टी नाही, मी नागपूरला वॉचमन होतो. ज्याच्या हाताखाली विटा थापणारे राबले, तो दुसऱ्याच्या फाटकावर शिट्टी वाजवणार.

१९ जानेवारी

ठेकेदार कैलाश भुशाचा ढीग पाहायला आला. ढिगासमोर उभं राहून स्वतःचाच फोटो काढला. मला म्हणे, "अम्माजी, टेन्शन नको, सब ठीक होऊन जाईल." ज्याच्या तोंडी हे वाक्य असतं त्याचं काम कधी ठीक झालेलं मी पाहिलं नाही.

धनसिंग अन् फुलवंता आले. दर वर्षी धान कापून झालं की दरेकशाकडून येतात, विटा थापतात. वसतिगृह त्यांच्याच गावाजवळ होऊन राहिलं, त्यांची रीना तिथेच राहील. फुलवंता साच्यातून वीट काढते अन् कोपरे बोटानं चोपते. मी म्हटलं, बाई, पापड नाही लाटायचे. ती म्हणे, पोरगी टेकून बसेल जी भिंतीला.

३ फेब्रुवारी

आज आग दिली. पहिली आग घरातल्या थोरल्या बाईनं द्यायची ही आमची रीत. नारळ फोडला, धनसिंगनं त्याच्या देवाचं वेगळं केलं. एकदा आग दिली की भट्टी तिच्या मनानं जळते, खालून वर चढते. तिला घाई करता येत नाही अन् थांबवता तर येतच नाही. अन् अर्ध्यात मरू द्यायची नाही. भट्टी मेली तर ती जागा वाया, तिथे परत कोणी वीट रचत नाही. नाल्यापलीकडे उदारामची भट्टी अशीच मेली होती, आता तिथे बेशरमाची झाडं आहेत.

चेतना आली होती. निघताना परत म्हणाली, "आजी, फक्त भुसा." मी म्हटलं, हो बाई, फक्त भुसा, कितीदा सांगशील.

७ फेब्रुवारी

पाऊस. माघात पाऊस. गारा पण पडल्या. भट्टीवर टिनं टाकली, ती वाचली, पण भुशाचा ढीग भिजला. ताडपत्री वाऱ्यानं उडून बाभळीवर जाऊन बसली.

चेतनाचा फोन आला. म्हणे हा असा अवेळी पाऊस आता वाढणार, हवा तापली म्हणून. धुरानं तापली. मी म्हटलं, म्हणजे माझ्या भट्टीनं पाऊस पाडला का? एका भट्टीनं नाही आजी, सगळ्यांनी मिळून. मग सगळ्यांना विचारा ना, मलाच काऊन विचारता. ती मग म्हणे, भुसा भिजला का? मी म्हटलं थोडासा. थोडासा नव्हता.

८ फेब्रुवारी

सकाळी भट्टीच्या अंगाला हात लावला. तापायला पाहिजे तिथे कोमट. ओला भुसा टाकला की आग गिळत नाही, थुंकून देते. पांढरी वाफ निघून राहिली.

घनश्याम कालच दरेकशाला गेला, ठेकेदारानं पायव्यासाठी बोलावलं. तिकडे जंगलात फोन लागत नाही. मी ऑटो करून रामलालच्या राइस मिलला गेले, सुका भुसा दे म्हटलं. मिल बंद. गोदामात सरकारी तांदूळ तसाच पडून, नवीन धान भरडायचं थांबलेलं. रामलाल म्हणे, मावशी, भुसा कुठून देऊ, मिलच चालत नाही तर. दुसऱ्या मिलवाल्यानं सगळा भुसा आधीच कारखान्याला विकलेला.

परत आले तर धनसिंग तोंड पाडून बसला. म्हणे, "बाई, मरून राहिली जी."

मरून राहिली म्हणजे काय. मी आग दिली आहे तिला.

पंक्चरवाल्याकडे जुने टायर होते ते आणवले. बांधावरची वाळलेली बाभूळ तोडवली. भट्टीच्या तोंडातून आत घातलं. धनसिंग म्हणे, पोरीनं तर भुसाच सांगितला होता. मी म्हटलं, पोरीनं कागद पाहिला, भट्टी नाही पाहिली. पोळी चांगली उतरली तर चुलीत काय जाळलं हे जेवणारा विचारत नाही. धूर आला काळा, म्हशीसारखा, फुलचूरपर्यंत गेला असेल. पण दुपार टळता टळता भट्टीचं अंग तापलं. आता हात ठेवून दाखवा.

मला तर बरं वाटलं. सासू असती तर तिनंही हेच केलं असतं, अन् मला शिव्या देत केलं असतं.

९ फेब्रुवारी

घनश्याम आला. गाडीवरून उतरला नाही, तिथूनच धूर पाहत राहिला. मग म्हणाला, "माय, काय टाकलं?" मी सांगितलं. म्हटलं, वाचवली मी, नाहीतर पिवळ्या, कच्च्या विटा काढल्या असत्या तू. त्यानं भट्टीभोवती एक चक्कर मारली. एका ठिकाणी उभा राहिला, जसं काही पाणी मारावं का विचार करून राहिला. पण पाणी मारलं तर भट्टी फाटते अन् सगळं जातं, हे त्याला माहीत आहे. तसाच परत आला. कामकऱ्यांसमोर आईला बोलायचं नाही एवढं मी त्याला शिकवलं आहे.

१४ फेब्रुवारी

टायर जळले की आतली तार उरते. घनश्यामनं ती सगळी तार धनसिंगकडून गोळा करवली अन् नाल्याच्या काठी गाडली. चांगलं केलं. उघड्या पायाची माणसं फिरतात.

२३ फेब्रुवारी

भट्टी उघडली. काय सांगू. अशी वीट मी खूप वर्षांत पाहिली नाही. एकावर एक आपटली की पितळेच्या भांड्यासारखी वाजते. कच्ची जवळजवळ नाहीच. फुलवंतानं एक उचलून गालाला लावली, अजून कोमट होती.

घनश्यामला म्हटलं, आता तरी तोंड उघड. तो म्हणे, चांगली झाली. एवढंच. त्याला म्हटलं ओवा खा, पोटात गॅस असेल.

२७ फेब्रुवारी

आज तपासणीचा साहेब आला. घनश्याम ट्रॅक्टर घेऊन नाल्यापलीकडे, तेव्हा सगळं मीच दाखवलं. चांगला माणूस. बूट काढून खाटेवर बसला, चहा साखरेचा प्यायला. वीट वाजवून पाहिली, पाण्यात टाकून पाहिली. म्हणाला, "माताजी, इतका पाऊस झाला, भुसा तर भिजला असेल. तरी एक वीट कच्ची नाही. कसं जमवलं?"

पहिल्यांदा कोणी विचारलं. सही करणाऱ्यांनी नाही विचारलं, यानं विचारलं. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. हात लावला तर कोमट होती, मिल बंद होती, मग टायर किती आणवले, बाभूळ कुठली, आधी काय घातलं, नंतर काय, तोंडं कधी लिंपली. मधे मधे तो विचारे अन् लिहून घेई. टायर ट्रकचे की मोटरसायकलचे? ट्रकचे साहेब, मोटरसायकलच्या टायरमध्ये दम नसतो. तेही लिहिलं. इतक्या मनानं ऐकणारा सरकारी माणूस मी पाहिला नाही. जाताना त्याला दोन विटा गाडीत ठेवून दिल्या, नको नको म्हणे, पण नेल्या.

घनश्याम आला तेव्हा सांगितलं, वीट पास समज.

२८ फेब्रुवारी

घनश्याम जेवला नाही. सून दुर्गा पण माझ्याशी बोलून नाही राहिली. मी काय केलं म्हणून विचारलं तर भांडी जोरानं ठेवली.

४ मार्च

नोटीस आली. मला वाटलं कैलाशच्या नावानं असेल, नाहीतर घनश्यामच्या. चेतनाच्या नावानं आहे. हमी तिची म्हणून. आपली भट्टी करारातून काढली. विटा घेणार नाहीत. अन् चेतनानं लिहून द्यायचं आहे की हमी खोटी दिली की कसं.

म्हणजे त्या माणसानं वीट पाहिलीच नाही. चूल पाहिली.

चेतना संध्याकाळी आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. ती खाटेवर बसली अन् विचारलं, टायर किती होते आजी? बाभूळ किती? ओली की वाळलेली? मी म्हटलं, तुझ्या त्या तपासणीच्या साहेबाला सगळं सांगून झालं. ती म्हणे, मला पण सांग, मला बरोबर लिहावं लागेल. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. त्या साहेबासारखीच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो इतक्या मनानं कायले ऐकून राहिला होता.

मग तिनं विचारलं, "फोन काऊन नाही केला मला?"

काय सांगू. सुचलंच नाही हे खरं आहे. भट्टी मरून राहिली तर भट्टीवाला दुसऱ्या भट्टीवाल्याला विचारतो. पोरीला कोण विचारतं.

५ मार्च

सकाळी मी तिला उपाय सांगितला. म्हटलं, लिही की आमची बुढी चळली आहे. तिला काल काय खाल्लं ते आठवत नाही, साहेबाला काहीही सांगितलं, टायर नव्हतेच. तार घनश्यामनं गाडली आहे, कोणी पाहिली. मी वेड्यासारखी बसते, हवं तर लुगडं उलटं नेसते.

घनश्यामनं मान वर केली. त्याला पटलं होतं, मी पाहिलं.

चेतना म्हणाली, "टायर होते ना आजी?"

होते.

"मग?"

मग काय. मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल. ती म्हणे, जाईल की नाही माहीत नाही, पण खोटं लिहिलं तर पुढच्या वेळी भुशाची भट्टी म्हटलं की कोणी विश्वास नाही ठेवणार, कोणाच्याच भट्टीवर. मी म्हटलं, दुनियेच्या भट्ट्यांचा ठेका तू घेतला का. ती पोहे तसेच सोडून गेली. माझंच रक्त आहे, म्हणून जास्त राग येऊन राहिला.

७ मार्च

मी ऑफिसात गेले. कोणाला सांगितलं नाही. नवं लुगडं नेसले, फुलचूर नाक्यावरून ऑटो केला. जिना चढून दम लागला. चेतना जागेवर नव्हती, ते बरं झालं. तो तपासणीचा साहेब तिथेच बसतो, त्याच्या टेबलावर माझीच वीट, कागद उडू नये म्हणून ठेवलेली.

मी म्हटलं, साहेब, टायर मी टाकवले. पोरगी गोंदियात होती, पोरगा दरेकशाला. आग माझी, टायर माझे, लिहून घ्या, सही करते, अंगठा पण देते. साहेब वाईट नाही. त्यानं पाणी दिलं. कागद काढून मला दाखवला अन् बोट ठेवून सांगितलं, हा ठेकेदार, हा भट्टीमालक, ही हमी देणारी. "माताजी, तुमचं नाव कुठेच नाही. तुमचं उत्तर मी कशावर घेऊ?"

मी म्हटलं, आग देणाऱ्याचं नाव कुठे लिहितात? तो म्हणे, तशी जागा नाही कागदात.

मी विचारलं, आता वीट तर झाली, भाजून निघाली, धूर उडून गेला. वीट घेतली नाही तर धूर परत येणार का? तो म्हणे, नाही येणार. पण घेतली तर पुढचा माणूस पण टायर टाकेल.

मी पाणी संपवलं, उठले अन् आले. उतरताना जिना चढण्यापेक्षा जड गेला.

११ मार्च

राखेच्या विटांचे ट्रक आमच्या रस्त्यानंच दरेकशाला जाऊन राहिले. एक ट्रक चहासाठी थांबला, मी जवळ जाऊन पाहिलं. साबणाच्या वडीसारखी वीट, कोपरा एकदम सरळ. खोटं कायले बोलू, चांगली आहे.

आपल्या विटा रचून ठेवल्या आहेत. गावातले दोन-चार जण संडासासाठी, गोठ्यासाठी नेतील. कैलाशचा फोन लागत नाही. घनश्याम नागपूरला फोन करून राहिला होता, मला पाहून मागच्या दारानं बाहेर गेला.

धनसिंग अन् फुलवंता लवकर गावी चालले, आता काम नाही. फुलवंतानं मला विचारलं, मग या विटा वसतिगृहात नाही लागणार का जी? मी म्हटलं नाही. तिनं काऊन म्हणून विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं होतं. घनश्यामनं त्यांना बसस्टँडवर सोडलं.

१६ मार्च

चेतनानं खरं ते लिहून दिलं. टायरची संख्या पण लिहिली. मला वाचून दाखवत होती, मी म्हटलं नको. हमीचं काम तिच्याकडून काढलं, नोकरीचं अजून ठरायचं आहे. मंगळवारी ते लोक भट्टीवर येणार, सगळ्यांचे जबाब घेणार. ठेकेदार येईल, साहेब येईल, अजून कोणी मोठा येणार म्हणतात.

चेतना आता रोज संध्याकाळी येते अन् माझ्याजवळ बसते. मी म्हटलं, एक शिवी तरी दे. ती म्हणे, आजी, चहा ठेव.

मला त्या धुराचा हिशोब अजूनही पूर्ण कळत नाही. एवढं कळलं की भट्टी मेली असती तर एक जागा वाया गेली असती, अन् मी तिला जगवून पोरीला अडकवलं. हे आता मागे घेता येत नाही. पेटल्यावर कोणतीच गोष्ट मागे घेता येत नाही.

म्हणून मंगळवारचं आजच लिहून ठेवते. दुर्गानं हे पान सकाळीच मोठ्यानं वाचायचं, घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. खाट भट्टीजवळ टाकायची, तिच्यावर मी बसणार. घनश्यामनं ट्रॅक्टर घेऊन बाहेर जायचं. आपल्या विटा चांगल्या आहेत हे कोणी सांगायचं नाही, ते कोणी विचारत नाही. चेतनाला जे सांगायचं होतं ते तिनं लिहून दिलं, आता तिच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. मोठा साहेब विचारेल, तुमचं नाव कुठे आहे, तर कागदाच्या खाली कोरी जागा असते, तिथे माझं नाव लिहा म्हणायचं, सुशीलाबाई. नाही लिहिलं तरी जबाब मीच देणार. पोरीला कोणी विचारायचं नाही.